सारंगचाचांचा डेक

सारंगचाचांना मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या फाटकापाशी उकिडवे बसलेले. राजापूरजवळच्या नाटे गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला रुजू होऊन मला दोनच दिवस झाले होते. डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, अंगात बनियन, चौकड्यांची लुंगी आणि हातात लांब नळीचा तेलाचा डबा. मला वाटलं, शाळेचे शिपाई असावेत. म्हटलं, "मामा, झालं की चावी ऑफिसात द्या."

"चावी माज्याकडं कुठची? मी हितला नाय," ते मान वर न करता म्हणाले. "हे फाटक आठ दिवस ओरडतंय. माज्या घरापर्यंत आयकू येतंय. लोखंडाला दुखतंय, कोनी बगत नाय."

मग उठून त्यांनी एका बोटाने फाटक ढकललं. ते आवाज न करता बंद झालं. "बगा," ते म्हणाले आणि डबा घेऊन निघून गेले.

ते रहिमान सारंग. जहाजावरच्या खलाशांचा जो मुकादम असतो त्याला आमच्याकडे सारंग म्हणतात. चाचांनी तीस-बत्तीस वर्षं परदेशी मालवाहू जहाजांवर काढली होती. त्यातली शेवटची पुष्कळ वर्षं सारंग म्हणून. जहाजाचा डेक खरवडायचा, धुवायचा, रंगवायचा, साखळ्यांना ग्रीस लावायचं आणि माणसांकडून हेच सगळं करून घ्यायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन गावी परतले, तरी हे काम काही सुटलं नव्हतं.

त्यांच्या घराच्या माडीवरची खोली रिकामी होती, आणि मला जागा हवीच होती. मी बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "बाई, दार कसं लावता?"

मी दार ओढून लावलं.

"आपटलंत. हितं खाडीचा वारा हाय. वाऱ्याशी झोंबी खेळलात तर दार मोडतं नायतर बोट. आदी थांबायचं. वारा जरा सैल पडला की लावायचं. लावा बगू."

तीन वेळा लावून दाखवल्यावर खोली मिळाली.

घरात ते जहाजावर असल्यासारखे वावरत. जिना म्हणजे लॅडर, स्वयंपाकघर म्हणजे गॅली. सकाळची नमाज झाली की तेलाचा डबा आणि पत्र्याची खरवडणी घेऊन घराला एक फेरी. बिजागऱ्या, कड्या, खिडक्यांचे गज, विहिरीचा रहाट. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, आणि चाचांना ते मान्य नव्हतं. एका रविवारी मी राजापूरला जायला निघाले, छत्री उघडली, तर तिच्या काड्यांना खोबरेल चोपडलेलं. माझ्या खांद्यावर तेलाचे ओघळ. मी तक्रार केली तर म्हणाले, "साडी धुता येते. काडी गंजली की गेली."

त्यांच्या बायकोला, हलिमाचाचींना, याचं सगळ्यात जास्त हसू. अंगाने जाड्या, आवाजाने मोठ्या, आणि बोलायला फटकळ. "जहाजावर ह्यांच्या हाताखाली चाळीस मानसं व्हती," त्या मला सांगत. "घरात मी येकटी. म्हणून चाळीस मानसांची कामं मलाच सांगतात." चाचा हे ऐकून न ऐकल्यासारखं करत, पण मिशीतल्या मिशीत हसत. लग्नानंतरची बहुतेक वर्षं त्या इथे एकट्या आणि ते समुद्रावर. म्हातारपणी दोघं एका घरात राहायला लागली तेव्हा एकमेकांच्या सवयी नव्याने शिकाव्या लागल्या, असं चाची म्हणायच्या. "पयली दोन वर्सं तर मला पावना आल्यासारखंच वाटायचं. मनात यायचं, हा मानूस जातो कदी?"

घरापुढे जांभ्या दगडाचं अंगण, अंगणापुढे गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि गडग्यापलीकडे खाडी. दुपारी चार वाजले की चाची अंगणात खुर्ची टाकून बसत. होड्या परतायची ती वेळ. वाकून बघायची त्यांना गरज नव्हती. इंजिनाच्या आवाजावरून सांगायच्या, ही अमक्याची, ही तमक्याची, याला आज मासळी नाही, बघ कशी हलकी पळतेय. चाचा शेजारी उभे राहून ऐकत. सगळ्या जगाची बंदरं पाहिलेल्या या माणसाला गावातली एक होडी ओळखता येत नव्हती.

त्या वर्षी पावसात अंगणात चाची घसरल्या. जांभ्यावर शेवाळ धरतं, ते चाचा दर चार दिवसांनी खरवडत. पण तेव्हा ते तापाने पडून होते. आठ दिवस खरवडणं झालं नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं. रत्नागिरीला ऑपरेशन झालं, महिनाभर तिथे काढला, पण चाची काही उभ्या राहिल्या नाहीत. चाकांच्या खुर्चीतून घरी आल्या. आणि त्या दिवसापासून चाचा त्या आठ दिवसांचा हिशोब स्वतःला देत राहिले. "ताप आला म्हणून काय झालं?" एकदा मला म्हणाले. "जहाजावर तापात काम करत नव्हतो काय?"

उंबरठ्यापुढे पायरी, पायरीखाली खडबडीत जांभा. खुर्ची अंगणात नेता येत नव्हती. मुलगा मुबीन कतारला. त्याने तिथे हॉटेलांच्या गच्च्यांवर, पोहण्याच्या तलावाकाठी नवीन प्रकारच्या फळ्या पाहिल्या होत्या. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र दाबून केलेल्या, दिसायला लाकडासारख्या. त्याने ठरवलं, घराच्या जोत्यापासून गडग्यापर्यंत सगळ्या अंगणावर तसा सपाट डेक घालायचा, म्हणजे आईची खुर्ची थेट खाडी दिसेल अशी नेता येईल. व्हिडिओ कॉलवर तो समजावत होता, मी फोन धरून उभी होते.

"बाबा, ह्याला वाळवी नाय, शेवाळ नाय. तेल नको, रंग नको. तुमाला कायच करायला लागणार नाय."

चाचा फोनकडे वाकले. "मंग मी काय करू?"

"तुमी बसा ना आईजवळ."

जानेवारीत कंपनीची दोन माणसं आली, कोल्हापूरकडची. चांगली होती, पण घाईत होती. पुढे किनाऱ्यावरच्या कुठल्या रिसॉर्टचं मोठं काम त्यांना गाठायचं होतं. लोखंडी चौकट ठोकली, वर कॉफीच्या रंगाच्या फळ्या क्लिपांनी बसवल्या. बाजूने खालची पोकळी दिसू नये म्हणून कडेलाही फळ्या लावून सगळा डेक डब्यासारखा बंद केला. चाचा पहिल्या दिवसापासून त्यांच्या डोक्यावर उभे. फळीचं एक टोक जोत्याला टेकलेलं, दुसरं गडग्याला. मध्ये पोस्टकार्ड जाणार नाही.

"हितं फट कुठं हाय?" चाचांनी विचारलं.

"फट कशाला, काका? फट दिसली की साहेब फोटो बघून बोंबलतंय."

"डेकला फट लागते. ऊन लागलं की माल फुगतो."

"ह्ये लाकूड न्हवं, काका. ह्ये फुगत न्हाई. निवांत ऱ्हावा तुमी."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. बाई शिकलेल्या, बाईंना माहीत असेल, अशा नजरेनं. मला काही माहीत नव्हतं. म्हटलं, "चाचा, नवीन माल आहे. त्यांना कळत असेल." चाचा बाजूला झाले. ज्या गोष्टीतलं आपल्याला कळतं असं त्यांना आयुष्यभर वाटत आलं होतं, त्या गोष्टीत त्यांनी माझ्या शब्दावर माघार घेतली. आणि मी तो शब्द काही न जाणता दिला होता.

काम आटोपून माणसं गेली. मागे राहिलेला क्लिपांचा एक भक्कम खोका मी माझ्या उत्तरपत्रिका ठेवायला वर नेला आणि खाटेखाली सरकवला.

पण फेब्रुवारी सुखाचा गेला, हे सांगायला हवं. पहिल्या दिवशी चाचांनी खुर्ची ढकलत डेकवर आणली तेव्हा चाची रडल्याच. मग लगेच ओरडल्या, "हळू! मी काय कोळशाचं पोतं हाय?" चार वाजता होड्या आल्या. चाची नावं सांगत गेल्या. एका होडीवरच्या माणसाने त्यांना पाहून हात केला, इंजिन बंद करून मोठ्याने सलाम घातला. सहा महिन्यांनी त्या दिसत होत्या. त्या संध्याकाळी चाचांनी मला गॅलीतून चहा आणून दिला, स्वतःच्या हाताने केलेला. त्यात मीठ पडलं होतं. मी तो सगळा प्यायले.

एप्रिलमध्ये एका दुपारी मी शाळेतून येत होते तर घरातून धाडकन आवाज आला. धावत गेले. डेकच्या मधोमध दोन फळ्या कमानीसारख्या वर उठल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. उन्हाने फळ्या लांबल्या होत्या, दोन्ही टोकांना दगड, सरकायला जागा नव्हती, म्हणून वर आल्या. चौथ्या दिवशी खुर्चीचं पुढचं चाक त्या उंचवट्यात अडकलं आणि चाची पुढे कोलमडल्या. चाचांनी त्यांना धरलं, पण तोल सावरताना चाचींनी हात खाली टेकला होता. तळहात भाजला. तापल्या तव्यासारखी झालेली ती काळपट फळी.

त्यानंतर चाची आत गेल्या. मधल्या खोलीत, भिंतीकडच्या पलंगावर.

मी कंपनीला फोन लावले. तिथली मुलगी गोड आवाजात तक्रारीचा नंबर द्यायची. आठवड्याने पुन्हा फोन केला की नवीन नंबर. बसवणाऱ्या माणसाचा मोबाइल लागला तर तो म्हणाला, "बाई, मी ते काम सोडलं. आता गावाकडं हाय." मुबीन तिकडून चिडून सांगत होता. "बाबा, तुमी हात लावू नका हां. एक स्क्रू जरी काढलात तरी वॉरंटी जाईल. त्यांची मानसं येऊ देत."

चाचांनी हात लावला नाही. रोज सकाळी तेलाचा डबा घेऊन बाहेर यायचे, डेकच्या कडेला उभे राहायचे आणि आत जायचे. मी त्यांना इतकं हात बांधल्यासारखं कधी पाहिलं नव्हतं. एकदा मला म्हणाले, "बाई, जहाजाला आग लागली तरी मला म्हाईत असायचं, पयला पाईप कुठचा उचलायचा. हितं पाईप समोर हाय, आनि उचलायचा नाय."

माणसं आली नाहीत. मेची सुट्टी लागायच्या आधी उत्तरपत्रिका बांधायला मी खाटेखालचा खोका ओढला. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक पुस्तिका होती. फळ्या कशा बसवाव्यात याची, सगळी इंग्रजीत. चार महिने ती माझ्या खाटेखाली होती. मी इंग्रजीची शिक्षिका.

खाली जाऊन मी त्यांना ती वाचून दाखवली. थंडीच्या दिवसांत बसवत असाल तर फळीच्या टोकाला जास्त फट ठेवा. भिंतीला टेकवू नका. खालून हवा खेळू द्या, बाजू बंद करू नका. उन्हाच्या प्रदेशात फिकट रंग निवडा. चाचा ऐकत होते. "परत वाचा," म्हणाले. मी परत वाचलं.

"सगळं लिवलेलं व्हतं?"

"हो."

"त्यांनी वाचलं नाय."

"आपणही नाही वाचलं, चाचा. माझ्याकडेच होतं."

ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुमाला काय म्हाईत, खोक्यात काय हाय." आणि उठून पेटीतून पाना आणि करवत काढली.

वॉरंटी गेली. पहाटेच्या नमाजेनंतर ऊन चढेपर्यंत चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस एकेक फळी उचकटून, तिचं टोक कापून, घासून परत बसवत होता. माझ्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन त्यांनी फणसाच्या लाकडाची सहा मिलिमीटर जाडीची एक पाचर केली होती. प्रत्येक फळीला ती लावून बघायची, मगच क्लिप आवळायची. मी धरू का विचारलं तर म्हणाले, "तुमी नका. माजी चूक मला सुधारू द्या." चूक त्यांची नव्हती, हे मी दोनदा सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. बाजूच्या फळ्या काढून हवा मोकळी केली. वर शिडाचं जुनं कापड बांधून सावली केली. आतून चाचींचा आवाज यायचा, पूर्वीपेक्षा बारीक, "आवो, किती ठोकता?"

सोळा दिवसांनी डेक सपाट झाला. मी भर दुपारी अनवाणी चालून पाहिलं. पाय भाजत नव्हते. चाचांनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि चार वाजता खुर्ची घेऊन आत गेले. मी दाराशी होते.

"हलिमा, चल. डेक सरळ झाला."

"झाला? बरं झालं."

"चल ना मंग. सावली केलीय. होड्या येतील आता."

"उद्या."

दुसऱ्या दिवशीही उद्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चाचा खुर्ची परत घेऊन आले, ती सावलीत ठेवली आणि तिच्या शेजारी उभे राहिले. मग खिडकीतून आत ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागले, "निळी येतेय. पुढं दोघं बसलेत. येकाच्या डोक्याला लाल कापड."

त्या रविवारी शेजारची झुबेदा गावाला गेली होती. चाचींचं अंग पुसायला रोज तीच यायची, आणि तेव्हा चाचा बाहेर जात. त्या दिवशी मी गेले. चाचींना कुशीवर वळवलं. कमरेखाली तळहाताएवढी जखम झाली होती. इतके आठवडे पाठीवर पडून राहून.

"चाची, हे चाचांना माहीत आहे?"

"नाय." त्यांनी माझं मनगट धरलं. "आनि तुमी सांगायचं नाय. खुर्चीत बसलं की आग व्हते, बाई. बसवतच नाय मला. त्यांना कळलं तर म्हणतील, आदीच फळ्या काढल्या असत्या तर तू आत पडली नसतीस. मंग ते त्याच्यातच मरतील. त्यापेक्षा मी रुसले असं वाटू दे."

"पण डॉक्टर..."

"मलम आना राजापुरातनं. रत्नागिरीला मी परत जायची नाय."

मी मलम आणलं. डॉक्टरांना फोनवर विचारलं, त्यांनी घेऊन या म्हटलं, चाचींनी नकार दिला. मी चाचांना सांगितलं नाही. रोज चारला ते खुर्ची घेऊन आत जायचे आणि खुर्ची घेऊन बाहेर यायचे, आणि मी जिन्यावरून ते बघायचे. जूनमध्ये माझी बदली राजापूरला झाली. खरं सांगायचं तर निघताना मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची अजून लाज वाटते.

चाची भाद्रपदात गेल्या. ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी संपलं. निरोप मिळाला तेव्हा दफन होऊन गेलं होतं. मी भेटायला गेले, पण घर माणसांनी भरलेलं होतं, मुबीन आलेला होता, चाचा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. बोलणं झालं नाही.

पुढच्या महिन्यात मुबीनचा फोन आला. बाबांना मुंब्र्याला माझ्या बहिणीच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी ठेवायचं ठरलंय, नाट्याचं घर बंद करतोय, राजापुरातून संध्याकाळची बस आहे. मी डब्यात घावणे घेऊन स्टँडवर गेले. मुबीन सामान चढवत होता. चाचा बाकावर बसले होते, खिशाला मुबीनचा नंबर लिहिलेला कागद टाचलेला. मला त्यांनी लगेच ओळखलं. डबा मांडीवर घेतला. नवीन शाळा कशी आहे विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, ती शेवटपत्तुर बाहेर आली नाय. येवढी कशाला रागावली माज्यावर?"

मी चाचींना दिलेला शब्द आठवला. त्या गेल्या होत्या, आणि हा माणूस ही गोष्ट घेऊन मुंब्र्याच्या चौथ्या मजल्यावर जाणार होता.

"त्या रागावल्या नव्हत्या, चाचा. त्यांना जखम झाली होती. कमरेखाली. खुर्चीत बसवत नव्हतं. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाला म्हाईत व्हतं?"

"हो."

"कदीपासनं?"

"मेपासून."

मला वाटलं होतं, त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काहीच दिसलं नाही. ओठ हलले, ते बोटांवर काही मोजत होते, बहुतेक महिने. मी काही बोलणार तेवढ्यात मुबीनने हाक मारली, "बाबा, चला." चाचा उठले. डबा माझ्या हातात परत देऊ लागले, मग लक्षात येऊन स्वतःच्या छातीशी धरला.

बस सुरू झाली आणि परतीच्या पावसाची एक जोरदार सर आली. मी पत्र्याखाली उभी होते. चाचा खिडकीशी बसलेले दिसले. पाऊस आत येत होता. त्यांनी काच ओढली, ती अर्ध्यावर अडकली. ते अर्धवट उठले, दोन्ही तळवे काचेला लावून ढकलू लागले. टोपी भिजून कपाळावर आली होती. शेजारून मुबीन त्यांचा दंड धरून खाली बसवत होता. बस स्टँडच्या फाटकातून वळली तेव्हा काच तितकीच उघडी होती, आणि तिच्यावर ते दोन तळवे अजून टेकलेले होते.